डिटेक्टरमधल्या केबल आणि त्यांचे आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणभौतिकीच्या प्रयोगांत यांत्रिक किंवा विद्युत विभागात नव्याने आलेली मंडळी पहिल्या काही महिन्यांत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका केबलवाल्याची आहेत, त्यामुळे माप थोडं केबलच्या बाजूनं झुकलेलं असेल. उदाहरणं बहुतेक मोठ्या डिटेक्टरांची, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्रांची आहेत, पण टेबलावर मावणाऱ्या प्रयोगालाही यातलं बरंच लागू पडतं.

केबल हे शेवटचं काम ना? आधी डिटेक्टर तर उभा राहू दे.

हा प्रश्न नसतो, ठराव असतो, आणि तो दर प्रकल्पात कोणीतरी मांडतंच. केबल शेवटी ओढल्या जातात हे खरं. पण त्यांची जागा पहिल्या आराखड्यात ठरली नाही, तर ते वरातीमागून घोडं होतं आणि त्या घोड्याला मांडवात शिरायला वाटच नसते.

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतला ॲटलास डिटेक्टर ४६ मीटर लांब, २५ मीटर व्यासाचा आणि सुमारे ७००० टनांचा आहे. त्यात सुमारे ३००० किलोमीटर केबल आहे. आतल्या थरांतून निघणारी प्रत्येक तार, प्रत्येक फायबर आणि थंडाव्याची प्रत्येक नळी बाहेरच्या थरांमधल्या फटींतून वाट काढते. फट म्हणजे जिथे डिटेक्टर नाही अशी जागा. मधलं नळकांडं आणि टोकाची झाकणं यांच्या सांध्यात ही गर्दी सर्वांत जास्त असते. ॲटलासमध्ये बीमच्या (कणांच्या झोताच्या) रेषेशी साधारण २५ ते २८ अंशांचा जो पट्टा येतो, तिथले इलेक्ट्रॉन बहुतेक विश्लेषणांत सरळ वगळले जातात. तिथे कॅलरीमीटरचे (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या थराचे) दोन भाग जुळतात आणि त्या सांध्यातून केबल-नळ्यांचा पसारा बाहेर पडतो, त्यामुळे मोजमाप भरवशाचं राहत नाही.

म्हणजे केबल कुठून न्यायची, हे ठरवताना आपण कुठले कण नीट दिसणार नाहीत हेही ठरवत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे प्रश्न आपोआप गंभीरपणे घेतले जातात.

मग सुरुवात कुठून करायची?

सर्वांत अरुंद जागेपासून. बहुतेकजण डिटेक्टरच्या मॉड्यूलपासून (सेन्सर आणि चिप असलेल्या सुट्या एककापासून) सुरुवात करून बाहेर येतात, किंवा रॅकपासून (बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटापासून) सुरू करून आत जातात. दोन्हीकडून निघालेले लोक मधल्या गळ्यापाशी भेटतात आणि तिथे भांडण होतं.

आधी तो गळा शोधा. चुंबकाची कड, दोन चाकांमधली फट, क्रायोस्टॅटची (अतिथंड टाकीची) मान, जे काही असेल ते. त्याचं क्षेत्रफळ काढा आणि तेवढ्यातून काय काय जाणार याची यादी करा: कमी दाबाची वीज, उच्च दाब, सिग्नल, फायबर, तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, थंडाव्याच्या जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्या, कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची लाइन. सेन्सर सगळेच विसरतात, आणि त्यांच्या बारीक तारा मिळून नेहमीच अंदाजापेक्षा जाड जुडगा होतो. यादीची बेरीज गळ्यात बसत नसेल तर तेव्हाच सांगा, कारण त्या टप्प्यावर मॉड्यूलची संख्या, विजेची पद्धत, काहीही बदलता येतं.

केबल ज्यात ठेवतात तो ट्रे किती भरावा?

कागदावर १० मि.मी. व्यासाच्या शंभर केबलचं क्षेत्रफळ ७८५० चौरस मि.मी. होतं. एवढ्यावर समाधान मानून १०० बाय ८० चा ट्रे मागवणारा माणूस मी पाहिलेला आहे. गोल वस्तू शेजारी ठेवल्या की मध्ये पोकळी राहतेच. शिवाय केबल सरळ रेषेत झोपत नाहीत, एकमेकींवरून जातात, वळणावर बाहेरच्या बाजूला फुगतात. म्हणून नियोजनात ४० ते ५० टक्के भरणा धरावा. वरच्या उदाहरणात २०० बाय १०० चा ट्रे हवा.

उरलेली जागा उधळपट्टी वाटते, पण पुढे वाढवलेल्या केबल तिथेच जातात. नियोजनात नसलेल्या केबल येतातच, त्यासाठी वेगळा पुरावा लागत नाही.

आतल्या भागात तांब्याऐवजी ॲल्युमिनियम का वापरतात? तांबं तर उत्तम वाहक आहे.

वाहक म्हणून उत्तम, पण कणांच्या वाटेत उभं राहायला वाईट. पदार्थ कणांना किती अडवतो हे ‘विकिरण लांबी’ या मापानं सांगतात: तेवढ्या जाडीतून गेल्यावर वेगवान इलेक्ट्रॉनची ऊर्जा सरासरी ३७ टक्क्यांवर येते. तांब्याची विकिरण लांबी सुमारे १.४ सें.मी. आहे, ॲल्युमिनियमची ८.९ सें.मी. सारखाच विद्युतरोध हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद सुमारे १.६ पट मोठा लागतो, पण तरीही कणांना होणारा अडथळा तांब्याच्या चौथाईच्या आसपास येतो.

मग सगळीकडे ॲल्युमिनियमच का नाही? कारण त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, त्यामुळे सोल्डरचा डाग बसत नाही आणि जोड भरवशाचे होत नाहीत. तोडगा म्हणून तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार वापरतात. सर्नच्याच अलीस प्रयोगाच्या नव्या आतल्या ट्रॅकरमध्ये (कणांचा माग काढणाऱ्या भागात) सर्वांत आतल्या थरांच्या लवचीक पट्ट्यांवरचे वाहक ॲल्युमिनियमचे आहेत. कॅलरीमीटरच्या बाहेर आलात की तांबं बिनधास्त वापरा, तिथे कणांना काही फरक पडत नाही.

हा हिशोब किरकोळ नाही. सर्नच्याच सीएमएस डिटेक्टरच्या मूळ सिलिकॉन ट्रॅकरमध्ये मध्यभागी ०.४ विकिरण लांबीइतका पदार्थ होता आणि सांध्याजवळच्या कोनात तो १.८ पर्यंत चढत होता. सिलिकॉनचे पत्रे पातळ असतात, ही भर बरीचशी आधार, केबल आणि नळ्यांचीच.

विजेचा पुरवठा बाहेर ठेवून जाड केबल टाकली की झालं, असं का नाही?

आकडेमोड करून पाहा. एका मॉड्यूलला २.५ व्होल्टवर १० अँपिअर, म्हणजे २५ वॅट हवेत. पॉवर सप्लाय १०० मीटर दूर आहे आणि तुम्ही १० चौरस मि.मी.ची तांब्याची तार घेतली. ही तार बऱ्यापैकी जाड आहे, तरी जाऊन-येऊन रोध ०.३४ ओहम होतो. १० अँपिअरला ३.४ व्होल्ट वाटेतच पडतात आणि ३४ वॅट केबलमध्ये जळतात. मॉड्यूलला पोहोचतं त्याहून जास्त. शिवाय ती उष्णता ट्रेमध्ये साचते, आणि मधल्या केबलला थंड व्हायला वावच नसतो.

याच्या पोटात आणखी एक धोका आहे. सप्लाय टोकाचा दाब मोजून स्वतःचा दाब वाढवतो, म्हणजे तो ५.९ व्होल्ट देत असतो. चिपनं अचानक प्रवाह घेणं थांबवलं की वाटेतली घट नाहीशी होते आणि क्षणभर २.५ व्होल्टच्या चिपवर जवळजवळ ६ व्होल्ट येतात. केबलची लांबी हा अशा वेळी चिपच्या जिवाचा प्रश्न होतो.

म्हणून दोन वाटा निघाल्या. एक, जास्त दाबानं वीज आत न्यायची आणि मॉड्यूलजवळ डीसी-डीसी कन्व्हर्टरनं उतरवायची. यातली गुंडाळी फेराइटच्या गाभ्याची चालत नाही, कारण चुंबकाच्या क्षेत्रात फेराइट संपृक्त होतो. हवेच्या गाभ्याची लागते. सीएमएसनं २०१७ साली बसवलेल्या पिक्सेल डिटेक्टरात हीच पद्धत घेतली. त्याच वर्षी विकिरण सोसलेले काही कन्व्हर्टर बंद-चालू करताना निकामी होऊ लागले आणि हिवाळ्यातल्या बंदीत ते सगळे बदलावे लागले. दुसरी वाट, मॉड्यूल एकामागोमाग एक माळेसारखे जोडायचे. प्रवाह तोच, दाब वाटून घेतला जातो. ॲटलास आणि सीएमएस यांच्या पुढच्या पिक्सेल डिटेक्टरांनी ही माळ स्वीकारली आहे. केबल खूप वाचतात, पण माळेतल्या प्रत्येक मॉड्यूलची जमिनीची (अर्थची) विद्युत पातळी वेगळी असते आणि इन्सुलेशनमधली एक चूक सगळ्या माळेला भोवते.

चुंबकीय क्षेत्राचा केबलवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि तो हातानं जाणवेल एवढा होतो. सीएमएसचा चुंबक ३.८ टेस्लावर चालतो. क्षेत्राशी काटकोनात धावणाऱ्या एकट्या तारेतून १० अँपिअर गेले तर मीटरमागे ३८ न्यूटन बल येतं, म्हणजे मीटरभर तारेला जवळजवळ चार किलोचं वजन टांगल्यासारखं. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पिळून ठेवली की बलं एकमेकांना मारतात. पण टर्मिनलपाशी दोन्ही तारा फाकतात, आणि तिथे मात्र प्रत्येकीला आपापला क्लॅम्प हवा.

स्थिर बलापेक्षा कंप वाईट. अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ डिटेक्टरमध्ये १.४ टेस्ला क्षेत्रात असलेले केसाहून बारीक वायर बाँड (चिपला जोडणाऱ्या तारा) तुटायला लागले तेव्हा कारण हेच निघालं. डेटा वाचताना प्रवाह ठोके घेतो. ट्रिगरची (कुठली घटना नोंदायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेची) वारंवारता तारेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की तार झुलते आणि पायाशी थकून तुटते.

आधारांबद्दल: ब्रॅकेट, स्क्रू, वॉशर, सगळं चुंबकाला न चिकटणारं घ्या. स्टेनलेस म्हटलं म्हणून भागत नाही. वाकवलेलं किंवा वेल्ड केलेलं काही स्टेनलेस थोडं चिकटतंच. ॲल्युमिनियम चिकटत नाही, पण चुंबक अचानक विझला तर त्याच्या पत्र्यात भोवरा-प्रवाह येतात आणि तेवढ्या वेळापुरता तो ओढला जातो. मोठे अखंड पत्रे टाळा. खिशात चुंबक ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक डब्यातला एक स्क्रू तपासा.

आधार किती अंतरावर द्यावेत?

ट्रेच्या कंपनीचा तक्ता बघा, पण आधी वजन नीट काढा. तांब्याचं सूत्र सोपं आहे: १ चौरस मि.मी. तार, १ किलोमीटर, सुमारे ९ किलो. वरची १० चौरस मि.मी.ची जोडी मीटरमागे १८० ग्रॅम तांबं. अशा दोनशे केबल एका ट्रेवर आल्या की नुसतं तांबंच मीटरला ३६ किलो, इन्सुलेशन आणि शिल्ड वेगळं.

अंतराचा परिणाम लोकांच्या अंगवळणी पडत नाही. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर मधला झोळ दुप्पट नाही, सोळापट होतो. म्हणून एखादा ब्रॅकेट वाचवायला जाऊ नका.

उभ्या मार्गात वेगळी भानगड असते. तिथे वजन ट्रेवर नसतं, केबलवर असतं. वरच्या टोकाचा कनेक्टर खालच्या वीस मीटरचं वजन धरून बसला आहे, असं दृश्य दिसलं तर तिथेच थांबा. दर मीटर-दीड मीटरवर केबल धरली पाहिजे, आणि कनेक्टरच्या आधी एक पकड अशी हवी की केबल ओढली तरी कनेक्टरला कळू नये.

आणि एक महत्त्वाचं: केबलचा आधार डिटेक्टरच्या आधारावर लटकवू नका. मॉड्यूल जिथे दहा-वीस मायक्रॉनमध्ये जागेवर राहायला हवेत, त्या चौकटीवर केबलचं वजन, तिचा ताठरपणा, उन्हाळ्या-हिवाळ्यात तिचं आकसणं, काहीही पोहोचता कामा नये. जाड केबल म्हणजे एक स्प्रिंगच असते. ती वाकवून लावली की कायम ढकलत राहते.

डिटेक्टर उणे तापमानात चालतो, तेव्हा काय बदलतं?

लांबी. दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा ट्रे २० अंशांवरून उणे ३५ अंशांवर नेला तर तो सुमारे अडीच मि.मी. आखडतो. शेजारची कार्बन फायबरची चौकट जवळजवळ आहे तिथेच राहते. दोन्ही टोकं घट्ट बसवलीत तर काहीतरी वाकणार. म्हणून एक टोक घट्ट आणि दुसरं लांबट छिद्रात सरकतं ठेवतात. अचूक चौकटीला तीनच टेकू देतात: पहिला सर्व दिशांनी पक्का, दुसरा एका दिशेत सरकणारा, तिसरा दोन दिशांत. चौथा टेकू ‘अधिक बळकटीसाठी’ सुचवणारा भेटेलच. त्याला नम्रपणे नाही म्हणा.

दुसरी गोष्ट पाणी. थंड भागातून बाहेर येणारी तांब्याची केबल थंडी बाहेर घेऊन येते आणि तिच्या अंगावर दव धरतं. ते दव केबलवरून ओघळत थेट कनेक्टरात जातं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोका द्यावा, म्हणजे थेंब तिथून गळतो. थंडाव्याच्या नळ्या शक्यतो विजेच्या ट्रेच्या खालून न्याव्यात, वरून कधीच नाही.

केबलच्या वाटेत पॅच पॅनेल (केबल जोडण्या-सोडण्याच्या जागा) किती असावेत?

कमीत कमी, पण शून्य नाही. प्रत्येक जोड म्हणजे आणखी एक रोध आणि आणखी एक जागा जिथे पिन वाकू शकते. पण पॅनेलच नसेल तर शंभर मीटरची शेपूट लावलेला डिटेक्टर आत सरकवावा लागेल. ॲटलासमध्ये पॅनेलना आतून बाहेर शून्य, एक, दोन असे क्रमांक आहेत. प्रत्येक टप्प्यानंतर केबल जाड होत जाते. आत जागा मोलाची म्हणून बारीक, बाहेर रोध कमी हवा म्हणून जाड.

पॅनेलची जागा ठरवताना एकच कसोटी लावा: हातमोजा घातलेला माणूस तिथे हात घालून, न बघता, कनेक्टर फिरवू शकतो का?

डिटेक्टर उघडावा लागतो. तेव्हा केबलचं काय?

हलणाऱ्या भागांच्या केबल ड्रॅग चेनमध्ये (भागासोबत वळत सरकणाऱ्या कड्यांच्या पन्हळीत) घालतात. सीएमएस १४,००० टनांचा आहे आणि त्याची चाकं दुरुस्तीसाठी सरकवून वेगळी करतात. केबल चेनमधून सोबत जातात, सोडाव्या लागत नाहीत. चेनमध्ये केबल एकमेकींना बांधू नयेत, फक्त टोकांना धराव्यात. आत त्या थोड्या सरकल्या पाहिजेत.

बाजारात मिळणारी नेहमीची पीव्हीसी केबल का चालत नाही?

जमिनीखालच्या दालनात आग लागली तर पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. पाण्याशी तो आम्ल होतो, माणसाच्या फुप्फुसात आणि सर्किट बोर्डवरही. आगीत जे जळत नाही ते नंतर गंजतं. म्हणून हॅलोजनमुक्त केबलचा आग्रह असतो. सर्नची याबाबतची सुरक्षा-सूचना आयएस २३ या क्रमांकानं ओळखली जाते. मागणीपत्रात तीन आंतरराष्ट्रीय मानकं आवर्जून लिहा: जुडग्यात आग पसरण्याची चाचणी आयईसी ६०३३२-३, आम्लवायूची ६०७५४ आणि धुराच्या दाटपणाची ६१०३४. एकट्या केबलची ज्वाला-चाचणी पुरेशी नाही. सुटी केबल आपोआप विझते, तीच केबल दोनशेच्या जुडग्यात उभ्या ट्रेवर फटाक्याच्या माळेसारखी चढते.

विकिरणाचं गणित वेगळं. टेफ्लॉन विद्युतदृष्ट्या सुंदर, पण काही हजार ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) एवढ्यातच ठिसूळ होऊ लागतो. पॉलिइमाइड कोटी ग्रेपर्यंत टिकतो, म्हणून आतल्या भागात तोच दिसतो. आणि केबल निवडून झाली की टायकडे बघा. नायलॉनचे साधे टाय विकिरणात आणि कोरड्या हवेत कडक होतात. काही वर्षांनी पॅनेल उघडल्यावर ट्रेच्या तळाशी तुटलेल्या टायांचा ढीग सापडतो.

केबलची लांबी कशी ठरवायची? थोडी जास्त ठेवलेली बरी ना?

थोडी म्हणजे किती, ते लिहून ठेवा. उरलेल्या केबलची वेटोळी पॅनेलच्या मागे कोंबली की ट्रेचा भरणा, उष्णता, सगळं बिघडतं. आणि सिग्नलच्या केबलला लांबी म्हणजे वेळ. मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी कणांचे गुच्छ भेटतात, म्हणजे १०० मीटर केबलमध्ये वीस भेटी होऊन जातात. ॲटलासच्या पहिल्या टप्प्याच्या ट्रिगरला निर्णयासाठी मिळणाऱ्या अडीच मायक्रोसेकंदांपैकी सुमारे एक मायक्रोसेकंद नुसता केबलमध्ये खर्च व्हायचा. तिथे दहा मीटर वळसा मागणाऱ्याला ट्रिगरवाल्यांची परवानगी लागते.

जास्त ठेवण्यापेक्षा कमी पडणं अर्थातच वाईट. माझी स्वतःची चूक सांगतो. एका जुडग्याची लांबी मी ट्रेच्या मध्यरेषेवरून मोजली होती. रेखाटनात सगळं बरोबर. प्रत्यक्षात त्या केबल ट्रेच्या बाहेरच्या कडेनं गेल्या, पाच वळणांवर प्रत्येकी काही सेंटिमीटर खाल्ले, आणि पॅनेलपाशी कनेक्टर चाळीस सेंटिमीटर अलीकडे लटकत राहिले. चोवीस केबल, दोन्ही टोकं कारखान्यातून जोडून आलेली. पॅनेल हलवावं लागलं. तेव्हापासून मी दोरी घेऊन जातो: ट्रे बसला की सर्वांत लांबच्या वाटेनं दोरी टाकायची, मोजायची आणि मगच ऑर्डर सोडायची.

फायबर हलकं असतं, त्याला वेगळी काळजी कशाला?

कारण ते तक्रार करत नाही. तांब्याची तार तुटली की सिग्नल जातो. फायबर जास्त वाकवलं किंवा टाय आवळला की प्रकाश थोडासा कमी होतो आणि सगळं ‘जवळजवळ’ चालत राहतं.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये ऑपेरा प्रयोगानं जाहीर केलं की सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंतचं ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर कापत आहेत. जगभर खळबळ उडाली. पुढच्या फेब्रुवारीत कळलं की जीपीएसची वेळ आत आणणाऱ्या फायबरचा कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता. प्रकाश कमी पोहोचत होता, त्यामुळे घड्याळाचा ठोका सत्तरहून अधिक नॅनोसेकंद उशिरा नोंदला जात होता. घड्याळातही एक दोष होता, पण मुख्य हिस्सा त्या सैल कनेक्टरचा.

फायबर स्वतंत्र नळीत न्या, जाड केबलखाली दाबू नका, बांधायला टायऐवजी वेल्क्रो वापरा, आणि जोडल्यावर प्रकाश किती पोहोचला याचा आकडा नोंदवा. ‘दिवा लागला’ ही नोंद नव्हे.

अर्थिंग कुठे करायचं, एका टोकाला की दोन्ही?

यावर दोन अभियंत्यांची तीन मतं असतात. ज्यावर सहसा वाद नाही तेवढं सांगतो: डिटेक्टरच्या प्रत्येक भागाला जमिनीशी जोडणारी जागा एकच आणि ठरलेली असावी, पॉवर सप्लाय तरंगते (जमिनीशी न जोडलेले) असावेत, आणि धातूचा ट्रे सलग जोडलेला असावा, दोन ट्रेच्या सांध्यावर रंग खरवडून पट्टी लावलेली. रंगावर बसवलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. शिल्ड कुठे जोडायचं हे त्या भागाच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून लेखी घ्या. ब्रॅकेट बसवताना मात्र लक्ष ठेवा, कारण चुकून डिटेक्टरच्या चौकटीला टेकलेला एक ब्रॅकेट त्यांची सगळी योजना मोडू शकतो. प्रत्येक पाळीच्या शेवटी मीटर लावून तपासा. दोनशे केबल ओढून झाल्यावर तो ब्रॅकेट शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

एखादा जोड थोडा खराब असला तर काय होतं?

१९ सप्टेंबर २००८. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या एका भागात प्रवाह ८.७ हजार अँपिअरपर्यंत चढवला होता. दोन चुंबकांमधल्या एका जोडाचा रोध सुमारे २०० नॅनोओहम होता. त्याचा हिशोब केला तर जेमतेम १५ वॅट उष्णता होते, लहानशा दिव्याइतकी. अतिवाहक जोडाला तेवढीही पेलली नाही. जोड वितळला, ठिणगी पडली, हेलियमची टाकी फुटली, पन्नासहून अधिक चुंबक काढावे लागले आणि यंत्र वर्षाहून जास्त काळ थांबलं.

डिटेक्टरमधले प्रवाह इतके नसतात. पण क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) प्रत्येक लगचा, म्हणजे तारेच्या टोकाच्या कडीचा, रोध मोजण्याची सवय कशासाठी, हे आता विचारू नका.

थ्रीडी मॉडेल असताना लाकडी प्रतिकृती कशाला बनवायची?

मॉडेलमध्ये केबल ही गुळगुळीत, आज्ञाधारक नळी असते. ती स्वतःच्या वजनानं झुकत नाही, रिळावरची वळणं लक्षात ठेवत नाही, आणि मॉडेलमध्ये माणूस नसतो. सर्वांत अवघड कोपऱ्याची पूर्ण मापाची प्रतिकृती प्लायवूडमध्ये करा, खऱ्या केबलचे तुकडे आणा आणि ज्यानं प्रत्यक्ष काम करायचं आहे त्यालाच ओढायला लावा. पान्हा फिरवायला कोपर कुठे जाणार, हे तिथेच कळतं. कुठली केबल आधी टाकायची हा क्रमही तिथेच ठरतो, कारण जी आधी आत जाते ती बाहेर काढायची झाली तर सगळ्यांत शेवटी निघते.

केबलच आधाराचं काम करू शकते का?

आत्तापर्यंत मी केबलवर भार देऊ नका असंच सांगत आलो, पण दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो डिटेक्टरमध्ये नेमकं उलट आहे. तिथे मूळ मांडणीत ८६ केबल बर्फात सोडल्या आहेत, प्रत्येकीवर ६० प्रकाशमापक, १४५० ते २४५० मीटर खोलीवर, एकूण ५१६०. गरम पाण्यानं केलेल्या भोकातून माळ उतरवताना सगळा भार केबलनंच पेलला. पाणी गोठलं की बर्फच आधार झाला. भूमध्य समुद्रातल्या केएमथ्रीनेट या तशाच डिटेक्टरनं वेगळा मार्ग घेतला: मापक डायनीमा या मजबूत धाग्याच्या दोन पातळ दोरांना बांधलेले, वर बोया ताण देतो, आणि वीज-फायबरची तार बाजूनं भाराशिवाय जाते. दोन्ही बरोबर आहेत. कोणाचं काम काय, हे मात्र आधी ठरलेलं आहे.

द्रवरूप आर्गॉनच्या टाकीत कुठली केबल चालते?

काही डिटेक्टरांत कण टिपायला द्रवरूप आर्गॉन वापरतात. तिथे प्रश्न शुद्धतेचा. द्रवाच्या आत, उणे १८६ अंशांवर, इन्सुलेशनमधून फारसं काही सुटत नाही. पण द्रवाच्या वरच्या उबदार वायूत असलेल्या केबलमधून पाण्याची वाफ सुटत राहते आणि आर्गॉन दूषित करते. म्हणून वरच्या भागातली लांबी कमी ठेवा आणि तिथून वायूचा प्रवाह बाहेरच्या दिशेनं खेळता ठेवा.

लेबल कसं लावायचं?

दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक पॅनेलच्या दोन्ही बाजूंना. हस्ताक्षरात नाही. लेबलवर केबलचा क्रमांक आणि दोन्ही टोकांचे पत्ते; रंगावर विसंबू नका, दालनातल्या पिवळ्या दिव्यात निळा-हिरवा एकच दिसतो. डेटाबेसमधली नोंद केबल ओढण्याआधी व्हावी, नंतर नाही. नोंद नसलेली केबल ट्रेवर जाऊ द्यायची नाही, एवढा एक नियम कडकपणे पाळला तरी पुष्कळ आहे.

जुन्या, बंद केबल काढाव्यात की राहू द्याव्यात?

काढाव्यात, जोपर्यंत त्यांना ओळखणारा माणूस आहे तोपर्यंत. राहू दिलेल्या केबल ट्रेची जागा, वजन आणि आगीचं इंधन, तिन्ही वाढवतात. पण कात्री लावण्याआधी तीन गोष्टी: दोन्ही टोकांना सिग्नल पाठवून हीच ती केबल याची खात्री, विजेचा स्रोत कुलूपबंद, आणि विकिरण-सुरक्षावाल्यांकडून मोजमाप, कारण बीमजवळ वर्षानुवर्षं राहिलेलं तांबं आणि आधारांचं स्टील थोडं किरणोत्सारी झालेलं असू शकतं. खालच्या थरातली केबल ओढून काढताना वरच्या चालू केबल घासल्या जातात. म्हणून ती सलग ओढू नये, तुकडे करून, उचलून काढावी. वेळ लागतो. एका पाळीत वीस मीटर झाले तरी चांगलं म्हणायचं.